आरशाआड गेलेले घर परत दिसते करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. सहायक संचालक,
रानवाटा व कला उपक्रम विभाग,
जिल्हा कार्यालय, दुसरा मजला, डावीकडची खोली.

विषय : माझ्या राहत्या घराच्या दर्शनी भिंतीवर बसवलेले आरशाचे पत्रे काढून खालची पिवळी भिंत पूर्ववत दिसती करून मिळणेबाबत. (अर्ज तिसरा)

संदर्भ :
१) माझा पहिला अर्ज, दि. ८ जुलै.
२) आपले उत्तर, दि. २ ऑगस्ट : "घर जागेवर आढळून आले नाही."
३) माझा दुसरा अर्ज, दि. ११ ऑगस्ट, यजमानांच्या सहीसह.
४) आपले उत्तर, दि. ३० ऑगस्ट : "सही जुळत नाही."
५) आपल्या कार्यालयातून आलेला फोन, दि. १२ सप्टेंबर.

महोदय,

आधीचे दोन अर्ज माझ्या सूनबाईने लिहिले होते. त्यांत "कृपया" हा शब्द नऊ वेळा आला होता, मी मोजला. त्याचा उपयोग झाला नाही म्हणून हा अर्ज मी माझ्या हाताने लिहीत आहे. माझी शाळा तीन इयत्तांची. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर आपल्या कारकुनाने दुरुस्त करावे, मजकूर मात्र दुरुस्त करू नये.

१. मी खालच्या वस्तीपासून रानाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या शेवटच्या घरात राहते. आमच्या पुढे घर नाही, झाडेच आहेत. या घरात मी एक्कावन्न वर्षांपूर्वी आले. माझ्या यजमानांनी आपल्याच विभागात रानवाटांचे राखणदार म्हणून चाळीस वर्षे काम केले. पडलेल्या फांद्या उचलायच्या, वाहून गेलेल्या पायऱ्या परत रचायच्या आणि वाटसरू चुकू नयेत म्हणून झाडांच्या बुंध्यांवर पांढरे पट्टे ओढायचे. निवृत्तीला अठरा वर्षे झाली, पण पायांना कोणी निवृत्त केलेले नाही. जेवण झाले की ते रानात जातात आणि चारच्या सुमारास खाली येतात. काठी धरत नाहीत. काठी म्हाताऱ्यांनी धरावी असे त्यांचे मत आहे. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.

२. तीन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. पूर्ण नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबांच्या नजरेतला मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत. चेहरे ओळखता येणार नाहीत, मोठे रंग कळतील." यावर औषध काय, असे विचारले तर म्हणाल्या, नाही. मग औषध मीच केले. घराची पुढची भिंत आणि दार मी स्वतः पिवळ्या रंगाने रंगवले, तीन हात दिले. खालच्या वस्तीतून माझी जाऊबाई बघायला आली आणि म्हणाली, "अगंबाई, घर केलंस की लाडवाचा डबा?" मी म्हटले, हसून घे. रानातल्या वरच्या मोकळवणीत, म्हणजे बिनझाडांच्या उघड्या जागेत, आले की यांना झाडांच्या फटीतून ते पिवळे दिसायचे, आणि तिथून ते नाकासमोर घरी यायचे. तीन वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

३. त्याच मोकळवणीत गेल्या वर्षी आपल्या विभागाने कलाकाराकडून ती खोली बांधून घेतली. बाहेरून सगळा आरसा, आत एक खुर्ची आणि एक खिडकी. तिकीट काढून एका वेळी एकाच माणसाने तासभर आत बसायचे आणि रान बघायचे. नाव ठेवले आहे "कोणीच नाही". खोलीबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला पैसे देऊन एकटे बसायचे आहे त्याने खुशाल बसावे. अडचण एवढीच झाली, की त्या खिडकीतून माझे घर दिसत होते.

कलाकार मे महिन्यात आमच्याकडे आला. अंगाने बारीक, बोलायला गोड. माझ्या स्वयंपाकघरात बसून मला म्हणाला, "आजी, माणूस पूर्ण एकटा असला की त्याला खरं काय ते दिसायला लागतं." मी म्हटले, "बाबा रे, माझा नवरा चाळीस वर्षं एकटा रानात फिरला. त्याला अजून घरात मिठाची बरणी कुठे आहे ते दिसत नाही." तो खूप हसला. मग म्हणाला, तुमचे घर आम्हाला कलाकृतीत सामील करून घ्यायचे आहे, भिंतीवर आरसे लावू.

इथे चूक माझी आहे आणि ती मी लिहून देते. कलाकृतीत सामील म्हटल्यावर मला मान वाटला. जाऊबाईच्या मुलाचा फोटो आपल्या कार्यालयाच्या जिन्यात लागला आहे, तेव्हापासून ती मला रोज त्या जिन्याच्या पायऱ्या सांगते. आता अख्खे घरच लागणार, म्हटल्यावर माझी मान ताठ झाली. माझ्या मनात होते, खिडकीशेजारी एक उंच आरसा लावतील, चौकटीचा. जन्मात तळहाताएवढ्या आरशात तोंड पाहिलेले. मी यांना न विचारता सही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४. १६ जूनला चार माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत माझी भिंत, दार, खिडकी, सगळ्यावर आरशाचे पत्रे ठोकून गेली. खिडकीवर लावलेला कागद असा आहे, की आतून बाहेरचे दिसते, बाहेरून आतले दिसत नाही. मी पायऱ्या उतरून खाली गेले आणि मागे वळून पाहिले, तर घर नव्हते. झाडे होती, आकाश होते आणि समोर एक जाडी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

जाताना त्यांनी नियमांचा कागद दिला. नऊ ते पाच या वेळेत धुराड्यातून धूर नको, दोरीवर कपडे नकोत, अंगणात वावर नको आणि नियम चार, मोठ्याने हाक मारायची नाही. कारण काय, तर वर बसलेल्याचा एकांत मोडतो. मी विचारले, "मग आम्ही नऊ ते पाच करायचं काय?" तर त्यांच्याबरोबर आलेला कलाकार म्हणाला, "काहीच नाही आजी. तुम्ही फक्त असायचं." नुसते असणे हे काम मला आजवर कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले तेही घर दिसेनासे करून.

५. त्यानंतर जे घडले ते क्रमाने लिहिते. कोंबडा पहिल्याच दिवशी स्वतःशी भांडून चोच फोडून बसला. टपालवाला तीन वेळा दारावरून परत गेला आणि आमची पत्रे जाऊबाईकडे टाकून आला, म्हणजे ती वाचून झाल्यावर आम्हाला मिळाली. पाखरे येऊन आपटतात. आतापर्यंत सतरा मी मागे पुरली आहेत.

माणसांचे तर विचारू नका. मी खिडकीपाशी कांदा चिरत असते आणि बाहेरून एखादे गृहस्थ माझ्या तोंडासमोर तोंड आणून दात कोरतात. एकाने बायकोची माफी मागण्याची तालीम केली. चांगली चालली होती, पण शेवटी म्हणाला, "चूक तुझीही होतीच", तेव्हा मला आतून काच वाजवावीशी वाटली. एक तरुण मुलगी हातभर अंतरावर उभी राहून रडली. मी विळी खाली ठेवली. पोटच्या मुलीसारखी ती समोर, आणि मला "काय झालं गं" विचारायची परवानगी नाही. डोळे पुसून गेली. तिला वाटले, तिथे कोणी नव्हते.

मी स्वतःही एकदा त्या खोलीत जाऊन बसले. न बघता नावे ठेवायची माझी रीत नाही. खोटे कशाला बोलू, पहिला अर्धा तास बरे वाटले. एक्कावन्न वर्षांत इतका वेळ मला कोणी हाक मारली नाही असे झाले नव्हते. मग मी खिडकीतून आमचे घर शोधू लागले. धूर नको म्हणून स्टोव्हवर भात ठेवून आले होते. तो भात शिजत होता हे मला ठाऊक होते, आणि समोर नुसती झाडे. बाकीचा अर्धा तास न बसता मी उठले.

६. माझ्या पहिल्या अर्जावर आपण जागेची पाहणी लावली. २२ जुलैला आपले कारकून फाइल घेऊन आले. सकाळचे अकरा वाजले होते. ते बरोबर आमच्या दारासमोर उभे राहिले, कपाळाचा घाम पुसला, माझ्या भिंतीत बघून केस विंचरले, शर्ट नीट खोचला, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, वर झाडीत वीस पावले जाऊन आले आणि निघून गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी खिडकीतून सगळे बघत होते. हाक मारता आली असती. पण हाक मारायची नाही हा आपलाच नियम, आणि मला वाटले, बघू तरी साहेबांच्या माणसाला घर सापडते का. ही माझी खोड आहे. ती मला महाग पडली. आपण लेखी कळवले, की अर्जात नमूद घर जागेवर आढळून आले नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

महोदय, तीच तर माझी तक्रार होती.

७. दुसऱ्या अर्जात मी एक साधा प्रश्न विचारला. घर यजमानांच्या नावावर आहे. मग पत्रे ठोकायला माझी सही कशी चालली? त्यावर आपल्या कार्यालयाने सूनबाईला तोंडी सांगितले, लावायला घरातल्या कोणाचीही चालते, काढायला मालकाचीच लागते. बरे. मी यांच्याकडून सही घेतली. कागद कशाचा, ते सांगितले नाही. यांना कागद दिसत नाही, रेघ दिसत नाही. मी बोट धरून जागा दाखवली, तर सही रेघेवरून घसरून खालच्या कोपऱ्यात गेली. आपण ती त्यांच्या नोकरीच्या कागदावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि जुळत नाही म्हणून अर्ज परत केला. ज्या डोळ्यांसाठी अर्ज केला, त्याच डोळ्यांमुळे तो फेटाळला. याला काय म्हणायचे ते आपण शिकलेले आहात, आपणच ठरवा.

आणि कागद कशाचा ते का सांगितले नाही, हेही लिहिते. जूनमध्ये यांनी मला विचारले होते, "अगं, वरून पिवळं का दिसत नाही हल्ली?" मी म्हटले, "पाला वाढलाय." सही केली होती ती मी, आणि ते सांगायला माझी जीभ वळली नाही. तेव्हापासून रोज पावणेचारला मी मोकळवणीत जात होते. हातात चार काटक्या घ्यायच्या आणि "अरे, तुम्ही पण इथेच?" म्हणायचे आणि बरोबर घेऊन यायचे. त्यांना आणायला आले असे कळले असते तर ते दुसऱ्या वाटेने आले असते. साठ-सत्तर दिवस मी त्या रानात रोज योगायोगाने भेटले.

मधल्या काळात एक उपाय केला. पिवळी चादर भिंतीवरून सोडली. आपल्या पहारेकऱ्याने ती तासाभरात काढली, नीट घडी घालून पायरीवर ठेवली आणि वर चिठ्ठी ठेवली, "वाळत घालण्यास मनाई". घडी चांगली घालतो, एवढे त्याच्या बाजूने सांगते.

८. आता १० सप्टेंबर, बुधवार. त्या दिवशी मी आपल्या कार्यालयात आले होते, सही का जुळत नाही हे समक्ष विचारायला. मुलगा आणि सूनबाई लाकडाच्या वखारीवर कामाला जातात, ती पाचला सुटतात. माझा हिशेब होता की मी दोनपर्यंत मोकळी होईन. आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर मी साडेअकरापासून साडेतीनपर्यंत बसले. दर वेळी शिपाई सांगत होता, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." चार तास मला आपला दरवाजा दिसत होता, आपण दिसला नाहीत. मी शेवटी उठले, पण तीनची गाडी गेली होती.

घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि हे घरात नव्हते. मुलगा वखारीतून येत होता, त्याला तसाच वर पाठवले. हे त्या खोलीत सापडले, खुर्चीवर बसलेले. झाले होते असे, की ते नेहमीप्रमाणे खाली उतरले, आमच्या भिंतीसमोर आले, समोर झाडेच दिसली, तेव्हा रान संपले नाही असे समजून वळले. दोनदा आले, दोनदा वळले. त्यांच्या पायांच्या खुणा पायरीपासून चार हातांवर आहेत, मी मोजल्या. मग ते परत मोकळवणीत गेले, कारण तिथून घर दिसायचे एवढे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि ते दिसेपर्यंत बसून राहिले. सव्वा तास.

तिकीट काढलेले दोघे बाहेर तिष्ठत उभे होते. त्यांना वाटले, हा म्हातारा कलाकृतीतच आहे. दाराशी ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत एकाने लिहिले आहे, "त्या वृद्धाच्या पाठीत मला सारे रान दिसले." मुलाने वाचून दाखवले. साहेब, त्या पाठीवर घामाने चिंब झालेला सदरा होता. तो मी धुतला. त्यात रान नव्हते.

९. घरी आल्यावर ते भिंतीला टेकून बसले. मग हात पुढे करून माझा हात शोधला आणि म्हणाले, "पिवळं गेलं गं. कडाही गेल्या आता. तुला सांगत नव्हतो." म्हणजे जूनपासून त्यांना वाटत होते की उरलेसुरले डोळेही चालले. मी म्हणत होते पाला वाढला आणि त्यांना वाटत होते, ही आपली समजूत काढते आहे. मी माझे लपवत होते, ते त्यांचे लपवत होते आणि दोघे रोज काटक्या घेऊन घरी येत होतो.

तेव्हा मी सगळे सांगितले. कलाकार, जाऊबाईचा जिना, सही. मला वाटले, आता बोलतील. बोलायला हवे होते. ते म्हणाले, "तुझी सही होती होय? मग बरं. मला वाटलं, डोळे." आणि जेवायला बसले. एक्कावन्न वर्षांत मी कोणापुढे मान खाली घातलेली नाही, त्या रात्री ताटावर घातली.

१०. दुसऱ्या दिवसापासून ते रानात गेलेले नाहीत. पायरीवर बसतात. विचारले तर म्हणतात, "पाय दुखतात." त्यांचे पाय दुखत नाहीत. चाळीस वर्षे लोकांना वाट दाखवलेला माणूस अंगणात वाट चुकला, हे त्याला सहन झालेले नाही. हेच माझे गाऱ्हाणे आहे, बाकी कोंबडा वगैरे मी सोडून द्यायला तयार आहे.

११. आणि एवढे झाल्यावर १२ तारखेला आपल्या कार्यालयातून फोन आला. मला वाटले, चौकशीचा असेल. बाई म्हणाल्या, "आजोबांना प्रतिसाद फार छान आहे. बुधवारी आणि शुक्रवारी दोन-दोन तास बसू शकतील का? मानधनाचं बघू." मी फोन ठेवला. बोलायला शब्द नव्हते असे नाही. फोन मुलाचा होता आणि मी बोलले असते तर तो वितळला असता.

१२. आपल्या ३० ऑगस्टच्या पत्रात म्हटले आहे, की पत्रे काढण्याचा निर्णय समिती घेईल आणि समिती मार्चमध्ये बसेल. समितीने सावकाश बसावे. माझी मागणी एवढीच, की निदान दार आणि दाराच्या दोन्ही बाजूंची चार-चार हात भिंत मोकळी करावी. रंग खाली शाबूत आहे. तेवढ्या पिवळ्याने आपल्या एकांताचे काय बिघडते? ज्याला तासभर रानात बसून दूरवर कोणाचे तरी घर आहे एवढेही सहन होत नाही, त्याला एकांत नको आहे, दुसरे काहीतरी हवे आहे, आणि ते आपल्या विभागाकडे नसावे.

१३. यापुढचे विनंती म्हणून लिहीत नाही, आपल्या माहितीसाठी लिहिते. उद्या, मंगळवार दि. १६ पासून मी यांना दुपारी रानात पाठवणार आहे. "काटक्या संपल्या, तुम्हीच आणा" असे सांगणार आहे, म्हणजे जातील. मी आणायला जाणार नाही. बरोबर चार वाजता मी पायरीवर उभी राहून त्यांना हाक मारणार आहे आणि ते दारात येईपर्यंत मारत राहणार आहे. डोळ्यांचे काम तोवर कानांनी करावे. नियम चार मोडतो, हे मला ठाऊक आहे. माझा आवाज कुठवर जातो, ते खालच्या वस्तीत कोणालाही विचारावे.

त्या वेळी आपल्या खोलीत जो कोणी एकटा बसलेला असेल, तो दचकेल. त्याला आधी सूचना द्यावी. घाबरण्यासारखे काही नाही म्हणावे, एक बाई नवऱ्याला घरी बोलावते आहे. आणि त्याला ऐकता ऐकता ती हाक आपल्यालाच आली असे वाटले, तर त्यानेही उतरून यावे. चारला चहा टाकलेला असतो. फक्त दार कुठे आहे, ते मला ओरडून विचारावे लागेल.

आपली (नम्र असे लिहायची पद्धत आहे म्हणून) नम्र,

सही,
वाटेवरच्या शेवटच्या घराची मालकीण
दिनांक : १५ सप्टेंबर, सोमवार

सोबत :
१) नियमांचा कागद, नियम चारवर फुली मारलेला.
२) पिवळ्या रंगाच्या डब्याचे झाकण. छटा यावरून कळेल.
३) यजमानांची सही, आजची. त्यांना मुद्दे दहा आणि तेरा सोडून सगळे वाचून दाखवून घेतलेली. ही रेघेवर आली आहे.